आईच्या गुडघ्याला डीएमएसओ, हाताला बागेतलं औषध: मदत हवी आहे

नमस्कार. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून एका पाहुण्यांनी तिला डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या रासायनिक द्रवाची बाटली आणून दिली. रोज संध्याकाळी ती ते तळहाताने गुडघ्यांवर चोळते. गेला आठवडाभर तिच्या तोंडाला लसणाचा वास येतोय. चातुर्मास असल्याने आषाढीपासून तिने कांदा-लसूण शिवलेलाही नाही! शोधल्यावर कळलं की हे द्रव कातडीतून रक्तात जातं आणि त्याचं डायमिथाइल सल्फाइड होऊन श्वासातून बाहेर पडतं.

तेव्हापासून जीव खालीवर होतोय. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांना (कोंबांना) ते लवकर फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड या रसायनाची पेस्ट लावायला आई बायकांबरोबर असतेच, हातमोजे निम्मे वेळा फाटलेले. त्याच हातांनी तिने हे चोळलं तर पेस्टही आत जाईल का? हात धुतले की भागेल का? दुखणं कमी झालंय म्हणून ती ऐकत नाही.

प्रतिसाद १
दादा, भीती रास्त आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो. पेशी विटांसारख्या, मधे स्निग्ध पदार्थांचा चुना. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू तिथेच अडतात. सायनामाईडचा रेणू फक्त 42चा, तो एकटासुद्धा शिरतो. डीएमएसओ तो चुनाच सैल करतं, त्यामुळे कातडीवर जे असेल त्याला वाट मिळते. बाटलीतली भेसळही त्यात आली. द्रावणात डीएमएसओ 60 टक्क्यांच्या पुढे असलं की हा परिणाम जोरदार होतो. अमेरिकेत प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसले म्हणून 1965 मध्ये याच्या चाचण्या थांबवल्या होत्या. आता बंदच करा. हात धुणं हवंच, पण त्यावर विसंबू नका. बाटली डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद २
पेस्टच्या दिवशी आम्ही मोजे नवे काढतो, फाटला की लगेच बदलतो. कपडे वेगळे धुतो, आंघोळ झाल्याशिवाय घरात कुणी जात नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बाटलीवर 99.9 टक्के आणि ‘फक्त प्रयोगशाळेसाठी’ असं छापलंय. सायनामाईडचं सांगून आईला पटलं नाही. तोंडाच्या वासाचं कारण सांगितलं तेव्हा तिने स्वतःच बाटली काढून दिली. मोजे उद्या आणतो, आणि पेस्ट सुरू व्हायच्या आत तिला नाशिकला हाडांच्या डॉक्टरांकडे नेतो.