अनुभव धागा : मालिका आणि चित्रपट – दर्जातला फरक नेमका कुठे पडतो?

मालिकेला नावं ठेवणं सोपं, चित्रपटाला डोक्यावर घेणंही सोपं. पण दोन्हीकडे कॅमेरे तेच, दिवे तेच, बरेचदा माणसंही तीच. मग पडद्यावर दिसणारा फरक येतो कुठून? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपापल्या खात्यापुरतं लिहावं : वेळ किती मिळतो, काय गाळावं लागतं, काय बिघडतं, त्यावर उपाय काय. आवडीनिवडी आणि आठवणी नकोत, कामाचं लिहा.

साहाय्यक दिग्दर्शन

हिशेब पानांपासून सुरू होतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानं होतात. आठ-दहा भागांच्या मालिकेत पाच ते आठ. दैनंदिन मालिकेत वीसच्या आसपास, कारण रोज एक भाग दाखवायचा तर रोज एक भाग तयार व्हायलाच हवा. १२ तासांच्या शिफ्टमधून जेवण, मेकअप आणि सेट बदलण्याचा वेळ वजा केला की हातात ९ तास उरतात. कॅमेरा हलवून दिवे नव्याने लावायला अर्धा तास धरा, म्हणजे १८ सेटअप. अडीच पानांना १८ म्हणजे पानाला सात. वीस पानांना १८ म्हणजे पानाला धड एकही नाही.

यात पहिला बळी जातो इन्सर्टचा. किल्ली कुलुपात फिरते, पाकीट गादीखाली सरकवलं जातं, असे दोन-दोन सेकंदांचे शॉट. ते गळले की तीच माहिती कुणाच्या तरी तोंडी घालावी लागते : ‘मी ते पाकीट गादीखाली ठेवलंय.’ तिथेच प्रसंग पडतो. उपाय स्वस्त आहे. इन्सर्टची यादी वेगळी ठेवायची आणि आठवड्यातून अर्धा दिवस एक कॅमेरा, एक दिवा आणि कलाकाराऐवजी दुसऱ्याचे हात घेऊन ती संपवायची. बाही, घड्याळ आणि नखं यांचा कंटिन्यूटीचा, म्हणजे आधीच्या शॉटशी जुळवून पाहण्याचा, फोटो मात्र हवाच. चूक हमखास नखांवर पकडली जाते.

छायांकन

वरच्या हिशेबातून सुटायला दोन-तीन कॅमेरे एकदम चालवतात, आणि प्रकाश सपाट होतो तो तिथे. समोरासमोर बसलेल्या दोघांवर दोन कॅमेरे आडवे लावले, की एकाच्या चेहऱ्याला बाजूने छान वळण देणारा दिवा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर थेट समोरून पडतो. मग दोघांना सांभाळायला वरून मऊ प्रकाश सगळीकडे सारखा पसरवला जातो. सावली गेली की खोलीचा खोलपणा जातो. शिवाय एका कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरा येऊ नये म्हणून दोन्ही नजरेच्या रेषेपासून लांब ठेवावे लागतात. प्रेक्षकाला दोन्ही डोळे दिसण्याऐवजी दीड डोळाच दिसतो.

वेळ तितकाच असेल तर दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला ठेवा : एक मिड (कमरेपासून वर), दुसरा त्याच्या शेजारून क्लोज (फक्त चेहरा). एका माणसाचा प्रकाश नीट करा, त्याचं सगळं संपवा, मग उलटं फिरा. प्रसंगाला एकच मोठं फिरणं लागतं आणि चेहरा वाचतो.

पटकथा

दैनंदिन मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा. प्रत्येक ब्रेकच्या आधी एक हुक, म्हणजे पुढे काय होणार अशी उत्सुकता, आणि ब्रेकनंतर आधीचं थोडं पुन्हा, कारण कुणीतरी आत्ताच टीव्ही लावलेला असतो. म्हणून पात्रं एकमेकांना नावाने आणि नात्याने पुनःपुन्हा हाक मारतात. हा लेखकाचा आळस नाही, ती त्या वेळापत्रकाची गरज आहे. मागणीप्रमाणे पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत ही गरज उरत नाही, तरी सवय उरते. दुसरा खर्डा वाचताना पेन घेऊन बसावं : प्रेक्षकाने जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगणारं प्रत्येक वाक्य कापा. प्रसंग तरीही कळत असेल तर ते वाक्य परत घालू नका.

आठ भागांच्या मालिका चौथ्या ते सहाव्या भागात का रेंगाळतात, याचं कारण बहुतेक वेळा एकच : मूळ गोष्ट दोन तासांची असते. कसोटी अशी, की प्रत्येक भागाचा स्वतःचा एक प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे आणि तो त्याच भागात सुटला किंवा उलटला पाहिजे. पाचव्या भागाचं वाक्य ‘तपास पुढे सरकतो’ असं येत असेल तर तो भाग नकोच.

लांबी म्हणजे पाणी घालणं नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवं. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनने १९७३ साली तिथल्या टेलिव्हिजनसाठी ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही एका लग्नाची गोष्ट सहा भागांत केली, जवळपास पावणेपाच तास; चित्रपटगृहासाठी तीच कापून पावणेतीन तासांवर आणली. पोलिश दिग्दर्शक किसलोव्स्कीने तिथल्या टेलिव्हिजनसाठी ‘डेकालॉग’ या मालिकेचे साधारण तासाभराचे दहा भाग केले, त्यातले पाचवा आणि सहावा वाढवून १९८८ साली स्वतंत्र चित्रपट झाले. एकच माणूस, एकच साहित्य आणि दोन मापं. लांबी आधी ठरवून गोष्ट शोधायची की उलट, दर्जा तिथे ठरतो.

संकलन

दैनंदिन मालिकेतल्या त्या रिअ‍ॅक्शन शॉटवर, म्हणजे एकामागून एक दाखवलेल्या चेहऱ्यांवर, सगळे हसतात. आमच्या टेबलावरून ते असे दिसतात : रात्री भाग जोडून होतो आणि ४० सेकंद कमी भरतात. खोलीत पाच चेहरे आहेत. प्रत्येकी तीन सेकंद म्हणजे १५. तीच फेरी तीनदा फिरवली की ४५. भोक बुजलं. चित्रपटाच्या पहिल्या जोडणीतून अर्धा तासही काढून टाकता येतो, कुणी अडवत नाही. ठरलेल्या वेळेचा चौकोन भरायचा असेल तर ती मोकळीक नसते. लिहितानाच प्रत्येक भागामागे एक-दीड मिनिटाचा जास्तीचा, कुठेही बसेल असा प्रसंग धरला आणि तो चित्रित करून ठेवला तर चेहरे मोजावे लागत नाहीत.

ध्वनी

पार्श्वसंगीत अखंड का वाजतं? तुकडे जुळत नाहीत म्हणून. मास्टर (अख्खा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट) दुपारी घेतला, क्लोज-अप संध्याकाळी. मधल्या काळात बाहेरची वर्दळ बदलली, एसी बंद होता तो चालू झाला. जोडलं की प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारतो, आणि ती उडी झाकायला संगीत. प्रत्येक जागी, सगळे तिथेच उभे असताना, ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा. ती सगळ्या कटांखाली सलग पसरली की तेवढ्यावर निम्मं संगीत काढून टाकता येतं.

दुसरी गोष्ट मिक्सची, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवण्याची. चित्रपटगृहात पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलला जुळवलेला असतो, म्हणून कुजबुज आणि स्फोट यांत मोठं अंतर ठेवता येतं. युरोपातल्या टीव्ही प्रसारणाचं प्रमाण उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) या सरासरी पातळीवर चालतं, आणि घरी आवाज त्याहून कितीतरी हळू असतो. चित्रपटाचा मिक्स तसाच घरी पाठवला की संवाद बुडतात. घरासाठी वेगळा मिक्स करावा आणि तो एकदा तरी टीव्हीच्याच दोन स्पीकरवर, हळू आवाजात ऐकावा.

पाहणाऱ्यांसाठी : पडदा आणि सेटिंग

घरी चित्रपट ‘मालिकेसारखा’ दिसतो ही तक्रार बहुधा टीव्हीच्या सेटिंगची असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. मोशन स्मूदिंग चालू असेल तर टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवतो आणि हालचाल स्टुडिओतल्या व्हिडिओसारखी गुळगुळीत होते. ते बंद करा, किंवा असेल तर फिल्ममेकर मोड निवडा. पडदा नजरेत ३० ते ४० अंश भरायला हवा. ५५ इंची टीव्हीसाठी ते अंतर साडेपाच ते साडेसात फूट येतं. बहुतेक घरांत सोफा दहा फुटांवर असतो. चित्रपटगृहातल्या पडद्याची उजळ पातळी फक्त ४८ निट्स (उजेडाचं माप), पण खोली काळोखी. काळोख्या प्रसंगात काही दिसत नसेल तर ब्राइटनेस वाढवण्याआधी दिवा मालवून पाहा. नुसता ब्राइटनेस वाढवला की काळा राखाडी होतो.

पुन्हा साहाय्यक दिग्दर्शन

मर्यादित भागांची मालिका हल्ली एका मोठ्या चित्रपटासारखी, जागेनुसार सलग चित्रित करतात. खर्च वाचतो, पण नवा धोका येतो : कलाकार सकाळी दुसऱ्या भागातला आणि जेवणानंतर त्याच स्वयंपाकघरात सातव्या भागातला असतो. मधले चार भाग त्याने अजून केलेलेच नाहीत. त्यासाठी प्रत्येक पात्राचा एक तक्ता करावा. आडवे भाग, उभे रकाने : आत्तापर्यंत काय कळलंय, कुणाशी बोलणं बंद आहे, किती रात्री झोप नाही, अंगावर कुठली जखम आणि ती कितव्या दिवसाची. शॉटच्या आधी त्यातली एकच ओळ वाचून दाखवायची. रंगभूषा आणि वेशभूषेलाही त्याच तक्त्याची प्रत द्यायची, नाहीतर सातव्या भागातली जखम दुसऱ्या भागापेक्षा ताजी निघते.