केंद्रातील समृद्धीकरण वर्गासाठी मुलांची निवड कशी करावी?

प्रश्न : शिक्षिका, गुहागर तालुका

आमच्या केंद्रातील (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील) जिल्हा परिषद शाळांमधील पाचवी ते सातवीच्या प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी येत्या सत्रापासून समृद्धीकरण वर्ग, म्हणजे नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचे काम देणारा वर्ग, सुरू करण्याचे आम्ही ठरविले आहे. जागा वीसच आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण आणि वर्गशिक्षकांची शिफारस यांवरून निवड करावी, असा बहुतेक सहकाऱ्यांचा कल आहे. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही, आणि त्याला कारण माझ्या वर्गातील सहावीचा एक विद्यार्थी आहे. त्याच्या घरी मासेमारी चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब त्याने वर्गात सांगितला आणि त्यातली त्रुटीही स्वतःच दाखविली : पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे, पण पाऊण तास म्हणजे पंचेचाळीसच, म्हणून अमावास्येपर्यंत हिशेब पाऊण तासाने मागे पडतो. हाच मुलगा शाब्दिक उदाहरणे वाचण्यात एवढा वेळ घालवितो की त्याची प्रश्नपत्रिका अर्धीच सुटते. अशी मुले निवडीतून सुटू नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख, देवगड

बाई, आपली शंका रास्त आहे. शिफारशीपासून सुरुवात केली की शिक्षकाच्या नजरेत जो भरतो तोच पुढे जातो, आणि नजरेत भरतो तो बहुधा नीटनेटक्या वहीचा, शांत बसणारा, प्रमाण मराठीत उत्तर देणारा विद्यार्थी. घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारे मूल उत्तर ठाऊक असूनही बोलायला कचरते, हे मी शाळा तपासणीत वारंवार पाहिले आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ साली शिफारशीची वाट न पाहता दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास सुरुवात केली, तेव्हा पात्रतेचे निकष न बदलताही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाच्या) कुटुंबांतील कितीतरी अधिक मुले पात्र ठरली. म्हणून पहिली चाळणी केंद्रातील प्रत्येक मुलासाठी ठेवा, आणि तीत आकृत्यांच्या अशाब्दिक प्रश्नांचा भाग असू द्या. रेव्हन यांच्या आकृतिबंध चाचणीसारखी प्रमाणित चाचणी वापरायची झाल्यास ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच घ्यावी. झेरॉक्स काढून वाटण्याची ती वस्तू नव्हे.

तरीही केवळ चाचणीच्या आकड्यावर मुलाचे भवितव्य टांगू नये. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्यासाठी विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ यांचीही चाचणी झाली होती. बुद्ध्यंक कमी पडला म्हणून दोघेही वगळले गेले आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तिन्हींचा संगम पाहावा असे मांडले, ते मला अधिक पटते. आपल्या विद्यार्थ्याने केलेला भरतीचा हिशेब हाच निवडीचा सबळ पुरावा आहे. असे पुरावे प्रत्येक शिक्षकाने वर्षभर तारखेसह टिपून ठेवावेत, आणि वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या मुलाची तुलना तालुक्याच्या गावातील मुलाशी न करता प्रथम त्याच्याच शाळेतील मुलांशी करावी.

उत्तर : माध्यमिक शिक्षक, रत्नागिरी

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र स्पर्धा परीक्षांना कमी लेखू नये, एवढेच सुचवितो. एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवान विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि नवोदय विद्यालयात तर निवास-भोजनासह शिक्षण मिळते. गरीब घराला हा आधार फार मोठा असतो. त्यांची तयारी अवश्य करून घ्यावी, पण वेगळ्या तासाला. समृद्धीकरण वर्ग सराव प्रश्नपत्रिकांचा झाला, तर आपल्या या विद्यार्थ्याला तिथे पुन्हा तीच अडचण येईल.

त्याला विषयानुसार स्थान द्या. गणितात सातवीच्या पुढचे काम आणि भाषेत वाचनाचा आधार, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला एकाच वेळी लागू शकतात. भरतीच्या प्रत्यक्ष वेळा महिनाभर नोंदवून हिशेबाशी ताडून पाहणे हा त्याच्यासाठी उत्तम प्रकल्प ठरेल, आणि त्याला जोडून रत्नागिरीतील झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राला भेट देता येईल.

उत्तर : मुख्याध्यापिका, सावंतवाडी तालुका

वर्ग शाळा सुटल्यावर ठेवू नका. शेवटच्या एसटीने घरी जाणारी मुले आपोआप गळतात आणि यादीत बाजारपेठेजवळची मुलेच उरतात. जो घटक मुलाला आधीच येतो त्याची छोटी चाचणी घेऊन तो घटक वगळावा आणि वाचलेला वेळ समृद्धीकरणाला द्यावा, म्हणजे मुलावर दुप्पट अभ्यासाचा भारही पडत नाही. वीस जागा जूनमध्येच भरून टाकू नयेत. चार-पाच जागा दिवाळीनंतरच्या सत्रासाठी राखाव्यात, कारण काही मुले वर्गात रुळल्यावरच खुलतात. ज्या मुलाला हे काम रुचत नाही त्याला बाहेर पडण्याची मोकळीक असावी, आणि तसे झाले तर पालकांना ते शिक्षकाने स्वतः भेटून समजावून सांगावे. चिठ्ठी पाठवू नये.