कस्टम कर्नल बनवल्यावर वायफाय गायब, तातडीने मदत हवी

अडला_हरी
नमस्कार मंडळी. स्वतः कंपाइल केलेला लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकलाय. बूट व्यवस्थित होतो, स्क्रीन आवाज सगळं ठीक, फक्त वायफाय नाही. जुन्या कर्नलवर गेलं की लगेच येतं, म्हणजे हार्डवेअर बिघडलेलं नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) ड्रायव्हर मी स्वतः चालू केलाय. फर्मवेअरही (ड्रायव्हर चिपमध्ये भरतो ती फाइल) आहे, डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे "फर्मवेअरचं पॅकेज टाका" हे कृपया कोणी सांगू नका. नेटवर सापडलं ते सगळं करून झालं. उद्या हा लॅपटॉप कामाला लागणार आहे. माहीत असेल तर पटकन सांगा.

उलटा_स्लॅश
"नेटवर सापडलं ते सगळं" म्हणजे काय काय? डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा वगैरे) कुठली, कर्नलची आवृत्ती कुठली, वायफायची चिप कुठली, यातलं काहीच लिहिलेलं नाही. 'एलएसपीसीआय -एनएनके' (हार्डवेअरची यादी) चं आउटपुट आणि 'डीमेसग' (कर्नलचा लॉग) मधल्या वायफायच्या ओळी टाका, मग बोलू.

जुना_पेंग्विन
आउटपुट वगैरे काही नको. हे शंभर टक्के सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) आहे. माझ्याकडे डिट्टो असंच झालं होतं, मॉड्यूल (कर्नलमध्ये नंतर जोडायचा ड्रायव्हर) लोड करायला गेलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. बायोसमध्ये जा, बंद करा, विषय संपला.

उलटा_स्लॅश
सिक्युअर बूट चालू असतं तर सही नसलेला कर्नल ग्रबच्या (बूटलोडरच्या) पुढे सरकलाच नसता. ते म्हणतायत बूट होतो.

जुना_पेंग्विन
माझा सरकला होता.

शून्यएक
तुमचा कर्नल डिस्ट्रोचा असणार, सही केलेला. आणि मॉड्यूल बाहेरचं, डीकेएमएसने बनलेलं, सही नसलेलं. म्हणून कर्नल उठला आणि मॉड्यूल अडकलं. इथे कर्नलच घरचा आहे, गणित उलटं आहे.

वेगात_विठू
कंपाइलला वेळ लागत असेल तर 'मेक -जे' च्या पुढे 'एनप्रॉक' जो आकडा देतो तो टाका. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं टूल) लावलंत तर दुसऱ्या खेपेपासून खूप फरक पडतो. आणि डीबग इन्फो बंद करा. ती चालू ठेवली तर बिल्डचं फोल्डर कित्येक जीबी खातं आणि मॉड्यूलं अवाढव्य होतात.

अडला_हरी
@वेगात_विठू, वेळेची तक्रार कुणी केलीय?
@उलटा_स्लॅश, उबुंटू २४.०४, कर्नल ६.१२, चिप इंटेल एएक्स२११. सिक्युअर बूट बंदच आहे, पहिल्या दिवसापासून. एलएसपीसीआयमध्ये 'कर्नल मॉड्यूल्स: आयडब्ल्यूएलवायफाय' असं येतं. म्हणजे ड्रायव्हर आहे. मग चालत का नाही, एवढंच विचारतोय.

दोनओळी
मुळात कर्नल कंपाइल करायची गरज काय पडली?
डिस्ट्रोचा वापरा, सुखी राहा.

शून्यएक
गरज असल्याशिवाय कोण बसतं हे करत? प्रश्नाचं उत्तर येत असेल तर द्या.

अनुस्वार
हरी, त्या आउटपुटमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात. 'कर्नल मॉड्यूल्स' चा अर्थ इतकाच की या चिपला लागणारं मॉड्यूल डिस्कवर आहे. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तरच ड्रायव्हरने चिपचा ताबा घेतलाय असं म्हणता येतं. तुम्ही फक्त पहिली लिहिलीत, म्हणजे दुसरी नसावी. मॉड्यूल लोड होतंय पण चिप सोडून देतंय. का सोडतंय ते डीमेसगच सांगेल, आणि तेच तुम्ही अजून टाकलेलं नाही.

अडला_हरी
दुसरी ओळ नाही, बरोबर. हे घ्या डीमेसग:

सीएफजी८०२११: फेल्ड टू लोड रेग्युलेटरी.डीबी
आयडब्ल्यूएलवायफाय ००००:००:१४.३: डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आयडब्ल्यूएलवायफाय-एसओ-ए०-जीएफ-ए०-८९.यूकोड फेल्ड विथ एरर -२
(मग हेच ८८, ८७, ८६ असं खाली खाली जातं)
आयडब्ल्यूएलवायफाय ००००:००:१४.३: नो सुटेबल फर्मवेअर फाउंड!

आणि परत सांगतो, फर्मवेअर आहे.

जुना_पेंग्विन
पहिली ओळ बघा! रेग्युलेटरी डेटाबेस नाही म्हणून वायफाय उठत नाही. देशाचा कोड सेट करा.

उलटा_स्लॅश
ती ओळ सोडा. सीएफजी८०२११ कर्नलमध्येच बिल्ट-इन असलं की ते रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायच्या आधीच ती फाइल मागतं, मिळत नाही, कुरकुर करतं. त्याने काही चॅनल मर्यादित होतील, चिप गायब होणार नाही. खरी भानगड शेवटच्या ओळीत आहे.

वरच्या ८९, ८८ वगैरे ओळींनीही घाबरायचं कारण नाही. हा ड्रायव्हर त्याला कळणाऱ्या सगळ्यात नव्या आवृत्तीपासून एकेक पायरी उतरत फाइल मागतो, त्यामुळे धडधाकट मशीनवरही वरच्या दोन-तीन 'फेल्ड' दिसू शकतात. इथे तो तळापर्यंत गेला आणि एकही मिळाली नाही. -२ म्हणजे 'अशी फाइलच नाही'.

आता सांगा, आयडब्ल्यूएलवायफाय 'वाय' (कर्नलमध्येच) केलंय की 'एम' (वेगळं मॉड्यूल)? 'वाय' असेल तर इथेच उत्तर आहे, रेग्युलेटरी.डीबीचं जे झालं तेच फर्मवेअरचं होतंय.

जुना_पेंग्विन
'वाय'च करावं. मी कायम सगळं 'वाय' करतो, इनिटरामएफएसची (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमची) कटकटच नको. मॉड्यूलचं खूळ डिस्ट्रोवाल्यांना, कारण त्यांना जगातल्या प्रत्येक मशीनवर चालायचं असतं.

उलटा_स्लॅश
डिस्क आणि फाइलसिस्टिमचं 'वाय' करा, कोण नाही म्हणतंय. पण फर्मवेअर मागणारा ड्रायव्हर 'वाय' केला की ती फाइल 'कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर' मध्ये नाव घालून कर्नलमध्येच भरावी लागते. फर्मवेअर बदललं की पुन्हा कर्नल बनवा. कटकट टाळायला गेलात आणि दुसरी घेऊन आलात.

जुना_पेंग्विन
वर्षानुवर्षं करतोय, मला कधी त्रास झाला नाही.

अडला_हरी
'एम' आहे. आयडब्ल्यूएलएमव्हीएम पण 'एम' आहे, कारण खाली इशारा होता की डीव्हीएम किंवा एमव्हीएम नसेल तर आयडब्ल्यूएलवायफाय निरुपयोगी आहे. तुमचं भांडण संपलं असेल तर पुढचं सांगता का?

खडूफळा
फर्मवेअर आहे आणि कर्नलला सापडत नाही म्हणजे यूडेव्हचा (डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्राम) हॉटप्लग बिघडलाय. /लिब/यूडेव्ह मध्ये फर्मवेअरची स्क्रिप्ट असते, तिला एक्झिक्यूट परवानगी आहे का बघा. नसेल तर साधा रूल लिहून फाइल सिसएफएसमध्ये ढकलता येते. आम्ही असंच करायचो.

शून्यएक
काका, ते दिवस गेले. कर्नल ३.७ पासून, म्हणजे २०१२ पासून, कर्नल स्वतःच /लिब/फर्मवेअर मधून फाइल उचलतो. यूडेव्हमधला तो भाग सिस्टिमडी २१७ मध्ये, २०१४ साली काढूनच टाकला. आता ती स्क्रिप्ट शोधायला गेलात तर सापडणारही नाही.

खडूफळा
काढून टाकायची काय गरज होती? चालत होतं की. हल्ली चालणारं मोडायची हौसच आहे सगळ्यांना. आधी इनिट गेलं, मग आयएफकॉन्फिग…

दोनओळी
आयएफकॉन्फिग अजून मिळतं.
नेट-टूल्स टाका.

अनुस्वार
धाग्यावर परत येऊ या. हरी, 'फर्मवेअर आहे' हे तुम्ही दोनदा लिहिलंत, पण काय दिसलं ते एकदाही लिहिलं नाहीत. /लिब/फर्मवेअर मध्ये 'आयडब्ल्यूएलवायफाय-एसओ' ने सुरू होणाऱ्या फाइलींची यादी इथे चिकटवा. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत हवं, एक्स्टेन्शनसकट.

अडला_हरी
आयडब्ल्यूएलवायफाय-एसओ-ए०-जीएफ-ए०-८६.यूकोड.झेडएसटी
आयडब्ल्यूएलवायफाय-एसओ-ए०-जीएफ-ए०.पीएनव्हीएम.झेडएसटी
आणि अशाच बऱ्याच. म्हणत होतो ना, आहे.

अनुस्वार
सापडलं. शेवटचं '.झेडएसटी' बघा. उबुंटू फर्मवेअरच्या फाइली झेडस्टँडर्डने दाबून ठेवतं, इतरही काही डिस्ट्रो ठेवतात, जागा वाचते. डिस्ट्रोच्या कर्नलला त्या उलगडता येतात, कारण त्यात 'कॉन्फिग_एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस_झेडएसटीडी' चालू असतं. तुमच्यात ते बंद असणार. मग कर्नल नुसतं '.यूकोड' नाव शोधतो, त्या नावाची फाइल खरंच नाही, आणि तो प्रामाणिकपणे -२ देतो. शेजारी '.झेडएसटी' पडलेली आहे हे बघायची त्याला सोयच नाही.

मेन्यूकॉन्फिगमध्ये डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स, त्यात फर्मवेअर लोडर. तिथे आधी 'एनेबल कॉम्प्रेस्ड फर्मवेअर सपोर्ट' चालू करा, मग त्याच्याखाली झेडएसटीडीचा पर्याय उघडतो. एक्सझेडचा पर्याय कर्नल ५.३ पासून आहे, झेडएसटीडीचा ५.१९ पासून, त्यामुळे ६.१२ मध्ये दोन्ही दिसतील. तुम्हाला झेडएसटीडी हवंय.

एक विचारतो, कॉन्फिग सुरू कुठून केलंत?

अडला_हरी
'मेक डेफकॉन्फिग' (सोर्ससोबत येणारं मूळ कॉन्फिग), आणि मग लागेल ते हाताने चालू केलं. हे चालू करून बघतो.

उलटा_स्लॅश
अनुस्वार, मानलं. मी 'वाय' आणि 'एम' मध्येच अडकलो होतो.

डेफकॉन्फिग म्हणाल्यावर सगळा उलगडा झाला. त्यात कर्नल उठण्यापुरतं असतं, लॅपटॉपचे चोचले नसतात.

जुना_पेंग्विन
एवढं कशाला? 'अनझेडएसटीडी' ने ती फाइल उलगडून शेजारी ठेवा, कर्नल पुन्हा बनवायलाच नको.

अनुस्वार
चालेल, आजची वेळ निघून जाईल. फक्त पीएनव्हीएमची फाइलही उलगडा, एएक्स२११ ला तीही लागते. पण ब्लूटूथचं फर्मवेअरही दाबलेलंच आहे, आणखी कुणाकुणाचं असेल. किती फाइली हाताने उलगडत बसणार? आणि पॅकेज अपडेट झालं की उलगडलेली जुनी प्रत तिथेच लोळत राहते, कर्नल तीच उचलतो, आणि पुढच्या वेळी वेगळाच धागा निघतो.

अडला_हरी
पर्याय चालू केला. 'मेक मॉड्यूल्स', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', रीबूट. तरी तेच, तीच -२. म्हणजे निदान चुकलं.

शून्यएक
'युनेम -व्ही' चालवा. सुरुवातीला # आणि आकडा काय आहे?

अडला_हरी
#१ एसएमपी प्रीएम्प्ट_आरटी, पुढे तारीख. त्याचा इथे काय संबंध?

शून्यएक
संबंध हाच की #१ म्हणजे तुम्ही अजून पहिल्याच बिल्डवर बसला आहात. फर्मवेअर लोडर हा मॉड्यूल नाही, तो कर्नलच्या मुख्य इमेजमध्ये जातो. तुम्ही फक्त मॉड्यूलं बनवलीत, ती इमेज (बीझेडइमेज) जुनीच बूट होतेय. नुसतं 'मेक', मग 'मॉड्यूल्स_इन्स्टॉल', मग 'मेक इन्स्टॉल'. रीबूटनंतर #२ दिसलं पाहिजे.

सतार_आणि_सिंथ
प्रीएम्प्ट_आरटी? म्हणजे ऑडिओ रेकॉर्डिंगसाठी करताय का हे सगळं?

अडला_हरी
हो, ऑडिओसाठीच. ६.१२ मध्ये आरटी (रिअलटाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेत करणारा कर्नल) मुख्य कर्नलमध्येच आलं, वेगळा पॅच लावावा लागत नाही, म्हणून.

सतार_आणि_सिंथ
मग आधी सांगायचंत! साध्या रेकॉर्डिंगला आरटी लागत नाही. डिस्ट्रोच्याच कर्नलला ग्रबच्या ओळीत 'प्रीएम्प्ट=फुल' आणि 'थ्रेडआयआरक्यूज' द्या, तुमच्या युजरला रिअलटाइम प्रायॉरिटीची परवानगी द्या. माझं बरंचसं काम यावरच निभतं. बफर ६४ फ्रेमच्या खाली नेऊन वर इफेक्ट लाइव्ह वाजवायचे असतील तरच आरटीच्या नादी लागा. आणि कधी एनव्हीडियाचं कार्ड घेतलंत तर लक्षात ठेवा, त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर आरटी कर्नल दिसला की बनायलाच नकार देतो. त्याला 'इग्नोर_प्रीएम्प्ट_आरटी_प्रेझेन्स=१' सांगावं लागतं.

दोनओळी
मी हेच म्हणत होतो.
डिस्ट्रोचा वापरा.

अडला_हरी
#२ आलं. वायफाय आलं, ब्लूटूथही आलं. अनुस्वार आणि शून्यएक, मनापासून आभार.
लाइव्हच वाजवायचंय, म्हणून आरटीच हवंय.
आता फक्त टचपॅड राहिला. तो पण पहिल्यापासून चालत नाहीये, यूएसबी माउसवर काम चाललंय.

उलटा_स्लॅश
पहिल्या पोस्टमध्ये "सगळं ठीक, फक्त वायफाय नाही" असं कुणी लिहिलं होतं?

अनुस्वार
असू दे. हाही डेफकॉन्फिगचाच प्रसाद आहे. असल्या लॅपटॉपमध्ये टचपॅड बहुधा आय२सीवर असतो आणि त्याला एक ड्रायव्हर पुरत नाही, साखळी लागते: इंटेल एलपीएसएसचं पीसीआयवालं मॉड्यूल, आय२सी डिझाइनवेअर, तुमच्या प्रोसेसरच्या पिढीचं पिनकंट्रोल, आय२सी_एचआयडी_एसीपीआय, आणि वर एचआयडी_मल्टिटच. एक कडी निखळली तरी टचपॅड गप्प, आणि डीमेसगमध्ये एरर येईलच असंही नाही. हाताने शोधत बसू नका. /बूट मधलं डिस्ट्रोच्या चालू कर्नलचं कॉन्फिग उचला, सोर्समध्ये '.कॉन्फिग' म्हणून ठेवा, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' करा, मग एक्सपर्ट आणि आरटी चालू करा.

अडला_हरी
केलं. लगेच अडकलं: 'नो रूल टू मेक टार्गेट डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम'.

शून्यएक
ते होणारच. त्या कॉन्फिगमध्ये डिस्ट्रोच्या सर्टिफिकेटांचा पत्ता असतो, तुमच्या सोर्समध्ये त्या फाइली नाहीत. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल सिस्टिम_ट्रस्टेड_कीज', तसंच 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' साठीही. मग पुन्हा मेक. या कॉन्फिगमध्ये हजारो मॉड्यूलं आहेत, वेळ खाईल.

वेगात_विठू
आता सीकॅश लावा!

उलटा_स्लॅश
आता मात्र विठूचं ऐका. नाहीतर डिस्ट्रोच्या कर्नलवर बूट करून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा, त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूलं ठेवतं. फक्त त्याआधी ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, बाहेरची डिस्क, जे जे वापरता ते सगळं एकदा जोडून घ्या. जे जोडलेलं नसेल त्याचा ड्रायव्हर उडेल.

अडला_हरी
सगळं जोडून लोकलमॉडकॉन्फिग केलं. नव्या कर्नलवर टचपॅड हलतोय, दोन बोटांनी स्क्रोलही होतंय.

कॅप्सलॉक_चालू
माझाही वायफाय जातो मधूनमधून, रिअलटेकची यूएसबी स्टिक आहे. वर दिलंय तेच करू का?

शून्यएक
नाही. नवा धागा काढा, आणि पहिल्याच पोस्टमध्ये डीमेसग टाका.