प्रोटीनचं गणित जमत नाहीये: जेवणातून किती आणि पावडरीतून किती?

चौकस

वजन ७४ किलो, उंची १७२ सेंमी. आठवड्यातून ४ दिवस वेट ट्रेनिंग, २ दिवस धावणं. चरबी उतरवायची आहे पण स्नायू घालवायचे नाहीत, म्हणून गरजेपेक्षा साधारण ४०० कॅलरी कमी खाणं चालू आहे. मांस-मासे खात नाही, अंडी चालतात.

रोजचं खाणं असं: २ अंडी, ओट्स ५० ग्रॅम (कोरडे), दूध २५० मिली, शिजलेली मसूर १५० ग्रॅम, भात ३०० ग्रॅम (शिजलेला), दही १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, शिवाय भाज्या आणि फळं. अ‍ॅपमध्ये याचं ८२ ग्रॅम प्रोटीन दिसतं.

विचारायचं ते असं. ८२ पुरेसं आहे का? कमी पडत असेल तर आधी जेवणात काय वाढवावं आणि पावडर कुठे बसवावी? दूध जास्त झालं की पोट फुगतं, मग व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घ्यायचं तर कॉन्सन्ट्रेट की जास्त शुद्ध केलेलं आयसोलेट? शेवटचं, क्रिएटिन (व्यायामात ताकदीसाठी घेतात ते पूरक) सोबत सुरू करावं का?

---

तोलूनमापून

आधी तो ८२ चा आकडा तपासा. तुमच्या यादीवरून तो ५९ च्या आसपास येतो.

२ अंड्यांचे १२, ओट्सचे साडेसहा, दुधाचे ८, भाताचे ८, दह्याचे साडेतीन, शेंगदाण्यांचे साडेसात. हे झाले साडेपंचेचाळीस. मग ८२ व्हायला मसुरीतून ३६ यायला हवेत, आणि तिथेच गफलत आहे. १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन हा कोरड्या मसुरीचा आकडा. शिजताना ती पाणी पिते, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ९ च्या आसपास उरतं. तुमच्या १५० ग्रॅमचे झाले साडेतेरा. अ‍ॅपमध्ये 'मसूर' टाकल्यावर वरची पहिली नोंद निवडली गेली असणार, आणि ती बहुतेक वेळा कच्च्याची असते. तुमची मसूर पातळ असेल तर ९ सुद्धा धरू नका. पातळ पदार्थात वाटीभर वजन म्हणजे बरंचसं पाणीच. त्यापेक्षा शिजवण्याआधी कोरडं वजन करा आणि ते माणशी वाटून लिहा. कडधान्यं, भात, ओट्स, सोया वड्या, सगळ्यांना हाच नियम. (मांस खाणाऱ्यांचं उलटं होतं. चिकन ब्रेस्ट शिजताना पाणी सोडून साधारण पाव भाग वजन गमावतं, म्हणून कच्च्या १०० ग्रॅममध्ये २२-२३ आणि शिजलेल्यात ३० च्या वर.)

आता किती हवं ते. वेट ट्रेनिंग करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास घेतलं की बहुतेक फायदा पदरात पडतो. तुमच्यासाठी ते ११८ ग्रॅम. कॅलरी कमी असताना थोडं वर, १.८ ते २ पर्यंत, न्यायला हरकत नाही. ०.८ हा जो आकडा सगळीकडे दिसतो तो कमतरता होऊ नये यासाठीचा आहे, स्नायू टिकवण्यासाठीचा नाही. अंगावर चरबी बरीच जास्त असेल तर हा हिशोब सध्याच्या वजनावर न करता गाठायच्या वजनावर करतात, नाहीतर आकडा उगाच फुगतो. तुम्हाला ती गरज नाही.

म्हणजे तूट ६० ग्रॅमची. ती कॅलरी न वाढवता भरायची आहे, म्हणून शेंगदाणे आणि पीनट बटर इथे उपयोगाचे नाहीत. ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० कॅलरी आणि प्रोटीन साडेसात. त्यांना प्रोटीनचा पदार्थ न मानता तेलबी मानलं की गणित सुटतं. मी असं बसवेन:

साध्या दह्याऐवजी कमी स्निग्धांशाच्या दुधाचा चक्का २०० ग्रॅम (प्रोटीन १८). सोया वड्या ४० ग्रॅम, कोरड्या तोलून (२०). सकाळच्या २ अंड्यांत आणखी २ अंड्यांचं पांढरं (७). व्हे एक मात्रा, पाण्यात (२४). त्या बदल्यात भात निम्मा आणि शेंगदाणे १५ ग्रॅम. एकूण प्रोटीन ११६-११७ वर जातं आणि दिवसाच्या कॅलरी जेमतेम ८० ने वाढतात. धावायच्या दिवशी मात्र भात कापू नका, त्या दिवशी पिष्ट हवंच.

हे सगळं एकाच जेवणात कोंबू नका. एका वेळी किलोमागे ०.३ ते ०.४ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला २२ ते ३०, असं चार वेळा. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलंच पाहिजे ही घाई नको. आधीचं जेवण दोन-तीन तासांपूर्वी झालं असेल तर नंतर निवांत जेवलात तरी चालतं.

---

शेकर

वरच्या हिशोबाशी सहमत. पावडरीबद्दल सांगतो.

दूध जास्त झाल्यावर पोट फुगतं म्हणजे लॅक्टोजचा संशय. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन साधारण ७० ते ८० टक्के आणि थोडं लॅक्टोज राहतं, आयसोलेटमध्ये प्रोटीन ९० च्या आसपास आणि लॅक्टोज एक टक्क्याहून कमी. तुम्हाला दिवसाला २५० मिली दूध पचतंय, त्यामुळे कॉन्सन्ट्रेटची एक मात्रा पाण्यातून कदाचित सहज पचेल. लॅक्टोज मोजलं तर एका मात्रेत ते दोन-तीन ग्रॅमच्या घरात असतं आणि एक कप दुधात १२. आधी ४ दिवस अर्धी मात्रा, फक्त पाण्यात, बाकी खाणं न बदलता घेऊन बघा. फुगलं तरच आयसोलेटचे जास्तीचे पैसे घाला. पण दुधाची अ‍ॅलर्जी (पुरळ, ओठ सुजणं, धाप) ही वेगळी गोष्ट. त्यात त्रास दुधातल्या प्रोटीनचाच असतो, म्हणून आयसोलेटही चालत नाही.

डबा घेताना पुढच्या बाजूचे मोठे आकडे सोडा, मागचा तक्ता वाचा. एका मात्रेतलं प्रोटीन भागिले मात्रेचं वजन. ३३ ग्रॅममध्ये २४ असेल तर ७३ टक्के, ठीक. ४० ग्रॅममध्ये २० असेल तर निम्मा माल दुसराच आहे. 'मास गेनर' नावाच्या डब्यांत बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन (स्वस्त पिष्ट) असतं, तुमच्या कामाचं नाही.

मग घटकांची यादी. व्हेच्या डब्यात ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर तो डबा परत ठेवा. प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्याला एका ठरलेल्या अंकाने गुणतात. अशी स्वस्त अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक आणि तशीच द्रव्यं) मिसळली की नायट्रोजन वाढतो, कागदावरचं प्रोटीन वाढतं, स्नायूंना मात्र तेवढं मिळत नाही. ताडून बघायचं असेल तर तक्त्यात ल्यूसिन हे अमिनो आम्ल पाहा. व्हे प्रोटीनमध्ये ते साधारण १० टक्के असतं, तेव्हा २४ ग्रॅम प्रोटीनमागे अडीच ग्रॅमच्या जवळ हवं. दीड लिहिलं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा शिक्का असलेलाच डबा घ्यावा, कारण भेसळीतून आलेलं बंदी असलेलं द्रव्य चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूवरच येते.

आतला चमचा आकारमान मोजतो, वजन नाही. दाबून भरला की ३३ चे ४० होतात, हलका भरला की २८. पहिल्यांदा काट्यावर तोला आणि चमच्यावर खूण करून ठेवा.

शेकरमध्ये आधी २०० ते २५० मिली गार पाणी, वरून पावडर. उलट केलंत तर तळाशी लगदा चिकटतो आणि तो काही केल्या सुटत नाही. ओट्समध्ये घालायची असेल तर उकळत्या ओट्सवर भुरभुरवू नका. ७० अंशांच्या आसपास व्हेमधल्या प्रोटीनची घडी मोडते आणि रबरासारख्या गाठी होतात. ओट्स उतरवून चार-पाच मिनिटं थांबा, पावडर दोन-तीन चमचे गार पाण्यात किंवा दुधात कालवून तिची पेस्ट करा आणि मग ढवळा. गाठी झाल्या तरी प्रोटीन वाया जात नाही, फक्त तोंडात वाईट लागतं. कालवलेलं पेय बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. शेकर लगेच धुवा, झाकणातली रबरी चकती काढून. वास तिथेच धरतो.

बीसीएए (सुट्या अमिनो आम्लांची पावडर) घेऊ नका. नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी ती तीनच, आणि पुरेसं प्रोटीन पोटात जात असताना त्यातून काही वेगळं हाती लागत नाही. कोलाजेनही या हिशोबात धरू नका, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच.

---

चौकस

मसुरीची नोंद आत्ताच पाहिली. खरंच कच्च्याचीच निवडलेली होती. दुरुस्त केली, ५९ दाखवतंय.

सोया वड्या आणि कडधान्यं वाढवायला आवडेल, पण राजमा-छोले खाल्ले की गॅसचा त्रास होतो. शिवाय डाळीचं प्रोटीन 'अपूर्ण' असतं म्हणतात, मग ते या ११८ मध्ये पूर्ण धरायचं का? क्रिएटिनचंही राहिलं.

---

रानवारा

पूर्ण धरा. अमिनो आम्लांपैकी डाळींत मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, धान्यांत बरोबर उलट. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की भरपाई होते, एकाच ताटात असायची गरज नाही. सोयाची गुणवत्ता तर दुधा-अंड्यांच्या बरीच जवळ जाते. ज्यांचं सगळंच प्रोटीन वनस्पतींचं आहे त्यांनी आकडा थोडा वर ठेवावा आणि पावडर घ्यायचीच तर वाटाणा व तांदूळ एकत्र असलेली घ्यावी. तुमच्याकडे दूध आणि अंडी आहेत, हा प्रश्नच उरत नाही.

गॅस होतो तो रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरांमुळे. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात. कडधान्य ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, म्हणजे आधी कोरडं २० ग्रॅम, मग ३०, मग ४०. एकदम ८० ग्रॅमवर उडी मारली की कुणालाही त्रास होतो. सोया वड्या उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटं ठेवून घट्ट पिळा आणि नव्या पाण्यात हेच आणखी एकदा करा. कच्चट वास जातो आणि पोटालाही हलक्या पडतात. त्या तोलायच्या मात्र कोरड्याच, भिजल्यावर वजन जवळपास तिप्पट होतं.

राजम्याबाबत एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. भिजवलेला राजमा निदान १० मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळला पाहिजे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकला तर तापमान तिथवर पोचत नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. काही तासांत उलट्या सुरू होतात. प्रेशर कुकरमध्ये ही भीती नाही.

आणि ती अंड्यांची पांढरी शिजवूनच खा. शिजलेल्या अंड्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन अंगी लागतं, कच्च्यातलं निम्मंच. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं, आणि साल्मोनेला जिवाणूची जोखीम वेगळीच.

भात निम्मा करताना भाज्या कमी होऊ देऊ नका. प्रोटीन वाढवल्यावर बद्धकोष्ठ झालं अशी तक्रार बहुतेक वेळा तंतू आणि पाणी घटल्यामुळे असते.

---

कडूगोड

क्रिएटिन: मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायाम असो वा नसो, कुठल्याही वेळी. महागडे इतर प्रकार याहून सरस ठरलेले नाहीत. सुरुवातीला रोज २० ग्रॅम चार भागांत ५-७ दिवस घेतलं तर स्नायूंतला साठा आठवड्यात भरतो, नाहीतर रोजच्या लहान मात्रेने तीन-चार आठवड्यांत. तुम्हाला घाई नाही आणि पोट नाजूक आहे, तेव्हा लहान मात्राच बरी. मांस न खाणाऱ्यांचा मुळातला साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक ठळक जाणवू शकतो.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पहिल्या काही आठवड्यांत काटा १-२ किलो वर जाऊ शकतो. ते स्नायूंतलं पाणी आहे, चरबी नाही. घेर कमी करणं हे उद्दिष्ट असल्यामुळे त्या काळात टेपने बेंबीपाशी माप घ्या, काट्यावर विसंबून जेवण आणखी कापू नका. दुसरं म्हणजे रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहायला मोजतात ते) वाढलेलं दिसू शकतं, कारण क्रिएटिनपासूनच ते बनतं. डॉक्टरांना आधी सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही तपासणी आहे, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. पावडर आणि क्रिएटिन एकाच दिवशी सुरू करू नका, पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

निरोगी मूत्रपिंडाला या प्रमाणातलं प्रोटीन बाधत नाही. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे प्रोटीनची मर्यादा डॉक्टर ठरवतात आणि वरचं सगळं गणित रद्द समजायचं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं.

गोळ्यांच्या वेळांकडे फार कमी लोक लक्ष देतात. थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेत असाल तर सकाळी गोळीपाठोपाठ व्हे किंवा सोया घेतल्यास गोळी नीट शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, न्याहारी अर्ध्या ते एक तासाने, आणि दूध, व्हे, सोया, कॅल्शियम यांना चार तासांनंतर जागा द्या. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकांचंही दुधाच्या पदार्थांशी जमत नाही, तेव्हा तो कोर्स संपेपर्यंत शेकची वेळ गोळीपासून दूर हलवा किंवा शेक थांबवा.

---

चौकस

थायरॉईडची गोळी नाही, मूत्रपिंडाचाही विकार नाही. उद्यापासून चक्का आणि वड्या (कोरड्या २० ग्रॅमपासून), पुढच्या आठवड्यात पाण्यातून अर्धी मात्रा कॉन्सन्ट्रेट, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी ३ ग्रॅम क्रिएटिन. चक्का घरी करायचा तर किती दही टांगायचं?

---

तोलूनमापून

२०० ग्रॅम चक्क्याला साधारण ५०० ग्रॅम दही, फ्रिजमध्ये ५-६ तास. घट्टपणा दर वेळी वेगळा येतो, म्हणून चक्क्याचं वजन न धरता टांगलेल्या दह्याचं धरा. ५०० ग्रॅम दह्यात साडेसतरा, त्यातलं दोन-अडीच ग्रॅम निथळलेल्या पाण्यात जातं. म्हणजे घरच्याचे १५ लिहा, मी वर धरलेले १८ नाही. ते पाणी टाकू नका, वड्या किंवा मसूर शिजल्यावर शेवटी त्यात घाला. आधी घातलं तर आंबटपणामुळे मसूर लवकर शिजत नाही.