लेफ्टनंटने कॅप्टनला सॅल्यूट मारायचाच असतो का?

प्रश्न: भाचा आयएमएतून (इंडियन मिलिटरी अकॅडमी, डेहराडून) पास होऊन नुकताच लेफ्टनंट झालाय, त्याच्या युनिटमधला कॅप्टन त्याला जेमतेम दोन वर्षांनी सीनियर, एकत्र जेवतात, बॅडमिंटन खेळतात, मग रोज सॅल्यूट ठोकायचा का? आणि दोघंही लेफ्टनंट असले तर?

उत्तर १: ठोकायचा की! खांद्यावर तीन स्टार दिसले की दोन स्टारवाल्याने आधी हात उचलायचा, समोरचा उत्तर देतो, संपलं. लेफ्टनंटचा कॅप्टन व्हायला २ वर्षं लागतात म्हणून फरक छोटा वाटतो. रँक सेम असेल तर कमिशनची (म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची) तारीख बघतात, पण कोर्समेट, म्हणजे एकाच बॅचचे, एकमेकांना कसले सॅल्यूट मारतायत, सरळ शिव्या घालतात 😄

उत्तर २: ब्रिटिश आर्मीत मात्र कॅप्टन आणि लेफ्टनंट आपसात मारत नाहीत हां, मेजर आणि वरच्यांनाच.

उत्तर ३: डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलायचा नाही, सावधान होऊन गुड मॉर्निंग सर. आणि खरी गंमत सुभेदार साहेबांची (अनुभवी, पण रँकने लेफ्टनंटच्या खाली), केस पिकलेला माणूस कालच्या पोराला कडक सॅल्यूट देतो, आणि पोरगं सॅल्यूट परत करून 'राम राम साहेब' म्हणतं. भाच्याला हे आधी शिकू दे, कॅप्टनचं नंतर बघू.