हॉर्नेटच्या टबला तडे गेलेत: कशाने जोडू?

धागाकर्ता: जुनी_बग्गी
तामिया कंपनीची हॉर्नेट, म्हणजे रिमोटवर पळणारी बग्गी आहे, मूळ १९८४ची, २००४ साली पुन्हा आलेली नव्हे. मोटर-गिअर ठणठणीत. टब चॅसीला (गाडीचे सगळे भाग बसतात तो प्लास्टिकचा खोलगट सांगाडा) मागे, गिअरबॉक्स जोडतो तिथून बाजूच्या भिंतीत साधारण ३० मिमी तडा गेलाय. एका स्क्रूचा बॉस (स्क्रू ज्यात बसतो ती प्लास्टिकची नळी) उभा फाटलाय. आधीच्या मालकाने तड्यात फेविक्विक ओतलंय, कडेला पांढरी पूड दिसते. पारदर्शक बॉडीला चाकाच्या कमानीपाशी चीर आहे. गाडी कपाटात ठेवायची नाही, पळवायची आहे. नवा टब न घेता हे टिकेल असं कसं करायचं?

तीन_एमएम
गोंद निवडण्याआधी प्लास्टिक ओळखा. टबच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानकाडीने ॲसिटोनचा थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने बोट दाबा. चिकट लागलं तर एबीएस (ॲसिटोनमध्ये विरघळणारं कडक प्लास्टिक), म्हणजे काम सोपं. काहीच झालं नाही तर नायलॉन किंवा तत्सम. तिथे पुढचं काही लागू नाही. ॲसिटोन केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी आणि तेल असतं, त्याने जोड धरत नाही.

आधी ते फेविक्विक काढा, पण ॲसिटोनने नको. सुपरग्लू विरघळेल तोवर खालचं एबीएसही मऊ पडेल. धारदार ब्लेडने खरवडा. ते मुळात तिथे नकोच होतं: सुपरग्लू खेचताना दणकट, पण झटका आणि सोलणारा ताण त्याला सोसत नाही. टबच्या वाट्याला नेमके तेच दोन ताण येतात.

मग तड्याचं टोक शोधा. भिंगातून, आडव्या उजेडात बघा. डोळ्यांना दिसतं त्याच्या २-३ मिमी पुढे तडा असतोच. तिथे १.५ मिमीचं भोक पाडा. हे टाळलं तर जोड कितीही पक्का करा, तडा पुढून चालू लागतो. आतल्या बाजूने तड्यावर भिंतीच्या अर्ध्या जाडीपर्यंत व्ही आकाराची खाच काढा.

खाच भरायला एबीएसचा लगदा: टाकाऊ एबीएसचा चुरा (शक्यतो टबच्याच रंगाचा) १ भाग, ॲसिटोन २ ते ३ भाग वजनाने, काचेच्या बाटलीत रात्रभर. मधासारखा दाट हवा. आधी तड्यात केशाकर्षणाने नुसतं ॲसिटोन जाऊ द्या, दोन्ही कडा दाबून क्लॅम्प करा, मग खाच दोन-तीन पातळ थरांत भरा. एकदाच जाड थर दिला तर वरून साय धरते, आत ॲसिटोन अडकतं आणि आठवड्यानेही मधे मऊच राहतं. वास बऱ्यापैकी येतो, खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ करू नका.

नुसत्या जोडावर गाडी पळवू नका. आतून १ ते १.५ मिमी एबीएस शीटची पट्टी लावा, तड्याच्या दोन्ही बाजूंना १०-१२ मिमी जाईल अशी. पट्टीचे कोपरे गोल करा आणि कडा कानशीने उतरत्या करा. चौकोनी कोपऱ्यापाशी जाडी एकदम बदलते, ताण तिथे साठतो, आणि पुढचा तडा पट्टीच्या कडेने जातो. ४८ तास हात लावू नका.

गिअरबॉक्स_गुरू
वरचं बरोबर आहे, पण टबच्या आत वक्र जागी शीट बसत नाही. तिथे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पातळ ग्लास फायबर कापडाचे दोन थर हळू सुकणाऱ्या अराल्डाइटमध्ये लावावेत. पाच मिनिटांचं नको, ते ठिसूळ राहतं.

बॉसचं दुखणं वेगळं आहे. फट ॲसिटोनने जोडून कोरडी होऊ द्या, मग बाहेरून शिलाईचा पॉलिएस्टर दोरा ८-१० वेढे घट्ट गुंडाळून त्यावर पातळ सुपरग्लू सोडा. इथे चालतं, कारण भार दोरा घेतो. जागा असेल तर बॉसवर घट्ट बसेल अशा पितळी नळीचं कडं चढवा. ३ मिमी टॅपिंग स्क्रूचं भोक बुजलं असेल तर २.५ मिमीने पुन्हा पाडा. स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मगच सुलटा. दर वेळी नवे आटे पाडत गेलात तर बॉस फाटणारच.

आणि थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो द्रव) प्लास्टिकजवळ नको. त्याने ताणाखालच्या एबीएसला आणि पॉलिकार्बोनेटला (बॉडीचं पारदर्शक प्लास्टिक) बारीक भेगा पडतात. मोटर क्लीनरच्या फवाऱ्याचंही तेच. मागच्या मालकाने यापैकी एक तरी केलं असणार असा माझा अंदाज.

जुनी_बग्गी
धन्यवाद. थेंब लावला, चिकट लागतंय. जुने प्लास्टिक पार्ट उकळत्या पाण्यात टाकल्याने ठिसूळपणा जातो असं वाचलं. टबला करू का? आणि बॉडी?

तीन_एमएम
अजिबात नको! ती युक्ती नायलॉनची. नायलॉन कोरडं पडलं की ठिसूळ होतं, गरम पाण्यात अर्धा-एक तास ठेवल्यावर ओलावा शोषून पुन्हा लवचिक होतं. आर्म, नकल (चाकं धरणारे दांडे आणि सांधे) नायलॉनचे असतील तर जरूर करा. एबीएस साधारण १०५ अंशाला पूर्ण मऊ होतं, पण १०० अंशाजवळच आकार सोडू लागतं, उकळत्या पाण्यात टब वाकडा निघेल. तुटलेलं नायलॉन कुठल्याच गोंदाला नीट धरत नाही, ०.५ मिमी स्टीलच्या तारेने टाके घालणं किंवा छोट्या स्क्रूने पट्टी बसवणं हेच खरं. केबल टाय नायलॉनचेच असतात, सोल्डरिंग आयर्नने वितळवून भरायला बरे पडतात.

कमान_सरळ
बॉडी पॉलिकार्बोनेट आहे, तिला ॲसिटोन लावू नका, धुरकट होऊन तडकते. चिरेच्या टोकाला २ मिमी भोक, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग आतून ड्रायवॉलची (भिंतीच्या जोडांवर लावतात ती) जाळीदार पट्टी आणि त्यावर शू गू (बूट दुरुस्तीचा रबरी गोंद) बोटाने पातळ पसरवा. पट्टी कडेपासून २ मिमी आत ठेवा, नाहीतर चाक तिला घासून उचकटतं. एक दिवस सुकू द्या. लवचिक राहतं, म्हणून कमानीला तेच ठीक.

गिअरबॉक्स_गुरू
हॉर्नेटचा मागचा गिअरबॉक्स एक्सलसकट सबंध हलतो, आणि धक्का थेट टबच्या त्या जोडावर येतो. मागचे डॅम्पर (धक्के शोषणारी तेलाची नळकांडी) काढून तपासा: तेल गेलं असेल तर भरा, दांडा एका जागी अडकत असेल तर बदला. गिअरबॉक्सचा पिव्हट (तो ज्यावर हलतो तो सांधा) हाताने सहज फिरला पाहिजे, स्क्रू आवळून जाम केला असेल तर पाव वेढा सैल करा. आणि मूळच्या ५४० आकाराच्या मोटरऐवजी तगडी मोटर घालायचा विचार असेल तर हा टब काढून ठेवा.