मदत हवी आहे: खाडीच्या गाळातला लाल जिवाणू पांढरा पडला. जनुक गेलं की नुसतं बंद पडलंय?

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहते ऐरोलीत. प्रकल्पाचा विषय ठाणे खाडीतले रंगद्रव्य बनवणारे जिवाणू. ऑक्टोबरात ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेचा गाळ आणला आणि झोबेल मरीन अगारवर (समुद्री जिवाणूंसाठीचं खारट माध्यम) पसरवला. इन्क्युबेटर भरलेला होता म्हणून प्लेटा टेबलावरच ठेवल्या. चौथ्या दिवशी साईच्या आणि पिवळट रंगाच्या गर्दीत एकच वसाहत लाल दिसली. मोहरीच्या दाण्याएवढी, जास्वंदीच्या रंगाची, आणि तिरप्या उजेडात धरली की वरून हिरवट, धातूसारखी चमकणारी. त्या दिवशी घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

रंग मिथेनॉलमध्ये काढला. आम्लाचा थेंब टाकला की गडद गुलाबी, अल्कली टाकली की पिवळसर नारिंगी. आम्लातल्या अर्काचं शिखर ५३५ नॅनोमीटरच्या आसपास आलं. म्हणजे हे प्रोडिजिओसिन (काही जिवाणू बनवतात ते लाल रंगद्रव्य), गाजरात असतं तसं कॅरोटिनॉइड नव्हे. (घरी सगळे विचारतात, रोहित पक्षी याच्यामुळेच गुलाबी होतात का? नाही. त्यांचा रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडांचा, त्यांची जनुकं वेगळी आणि घडणही वेगळी.)

दिवाळीआधी स्लँट (तिरप्या अगारच्या नळ्यांत वाढवलेले जिवाणू) करून फ्रीजमध्ये ठेवले. सुट्टीनंतर सबकल्चर करून (थोडे उचलून नव्या माध्यमावर लावून) ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये घातले. दुसऱ्या दिवशी वाढ भरपूर, पण सगळी पांढरी. पुन्हा केलं, पुन्हा पांढरी. ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेला राखीव साठा) केला नव्हता, त्याचं फार वाईट वाटतंय.

मार्गदर्शक मॅडम म्हणतात की प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं सुटं कडं) गळालं असेल, नवीन नमुना आण. पण मी वाचलंय त्यानुसार सेराशियामध्ये (हा रंग करणारा ओळखीचा जिवाणू) रंगाची जनुकं गुणसूत्रावरच असतात, पिग-ए ते पिग-एन अशी चौदा, ओळीने. मग ती गळतील कशी? फेब्रुवारीअखेर प्रबंध द्यायचा आहे, जीव टांगणीला लागलाय. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

शेवाळ:
आधी घाबरू नका. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: लाल रंग टेबलावर आला, पांढरा ३७ अंशांना. सेराशिया ३७ ला जोमाने वाढते पण रंग करत नाही. या जनुकांचं वाचनच त्या तापमानाला दाबलं जातं आणि त्यात हेक्स-एस नावाच्या नियंत्रकाचा (जनुकं दाबणारं प्रथिन) हात आहे. त्याच प्लेटवरून नवी स्ट्रीक घ्या (नव्या अगारवर रेघ ओढा) आणि २८ ला ठेवा. माध्यमात ग्लुकोज असेल तर काढा, त्यानेही हा रंग दबतो.

दुसरं, मिठाशिवायच्या न्यूट्रिएंट अगारवर वाढवून बघा. प्रोडिजिओसिन करणारा प्रत्येक जिवाणू सेराशिया नसतो. समुद्रातला स्यूडोअल्टेरोमोनास रुब्रा करतो, कोरियाच्या किनाऱ्यावरचा हाहेला चेजुएन्सिस करतो. त्यांना सोडियम लागतंच. तुमचा जीव मिठाशिवाय वाढला तर सेराशियाकडे कल धरा. आणि तसं असेल तर हातमोजे घाला, अशक्त माणसाला तो त्रास देतो. प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) टाकू नका.

मचवा:
शेवाळ यांचं बरोबर आहे, पण सगळं तापमानावर ढकलू नका. प्लेटवर आयतं खाणं मिळतं, तिथे रंग करायला खर्चच होतो. ज्याचं एखादं पिग-जनुक मोडलं तो पांढरा भाऊ पुढे पळतो आणि दोन-चार सबकल्चरमध्ये तोच सगळीकडे दिसायला लागतो. म्हणून लूपभर (तारेच्या कड्याने घोळका)  उचलून सबकल्चर करू नका. पातळ करून पसरवा, सुट्या वसाहती मोजा. लाल मिळाली की त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये.

मूळ प्रश्नकर्ती:
मंडळी, लाल आला! २८ ला तिसऱ्या दिवशी. प्लेट उघडली तेव्हा हात थरथरत होते. मिठाशिवायही छान वाढतोय. पाच ग्लिसरॉल स्टॉक केले, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवले.

पण मचवा, तुमचंही खरं निघालं. सुट्या वसाहतींमध्ये तीन पांढऱ्या आहेत आणि त्या २८ लाही पांढऱ्याच राहतात. त्यांना पां-१, पां-२, पां-३ म्हणते. नेमकं कुठे मोडलंय ते जिनोम सिक्वेन्सिंगशिवाय कळेल का? तेवढे पैसे नाहीत.

शेवाळ:
कळेल, बऱ्यापैकी. हा रेणू दोन वाटांनी बनतो. एका वाटेवर एमएपी नावाचा लहान तुकडा तयार होतो, त्याला पिग-बी, डी आणि ई लागतात. दुसऱ्या वाटेवर एमबीसी नावाचा दुसरा तुकडा, त्याला उरलेली बहुतेक जनुकं. शेवटी पिग-सी दोन्ही जोडतं. एकाची एक वाट बंद आणि दुसऱ्याची दुसरी, अशी जोडी शेजारी वाढवली तर एक दुसऱ्याला तुकडा पुरवतो आणि सीमेवर लाल रेघ उमटते. तिघांच्या तीन जोड्या जवळजवळ स्ट्रीक करा.

रेघ आली तर पुढची पायरी: प्लेटच्या मधोमध अगारची बोटभर पट्टी कापून काढून टाका, एक इकडे, एक तिकडे. एमएपी हवेतून उडून पलीकडे जातं, एमबीसीला अगार लागतो. चर ओलांडून जो लाल होईल त्याला एमएपी कमी पडत होतं.

मूळ प्रश्नकर्ती:
केलं. पां-१ आणि पां-३ मध्ये दोन दिवसांत रेघ आली, केसाएवढी बारीक आणि लालभडक. चर कापलेल्या प्लेटवर पां-१ ची चराकडची कड गुलाबी झाली, पां-३ पांढराच. म्हणजे पां-१ मध्ये बी, डी, ई पैकी काहीतरी मोडलंय आणि पां-३ मध्ये एमबीसीची वाट. दोन पांढऱ्या रेघांमधून हवेने रंग गेला, हे मी तीन वेळा करून पाहिलं, तरी पुन्हा बघावंसं वाटतं.

पां-२ मात्र कुणाशीच रंगला नाही. त्यात पिग-सी मोडलं असं लिहू का?

मचवा:
थांबा. पां-२ स्वतः रंगला नाही हे एक. त्याच्यामुळे शेजारी रंगले का? नुसतं पिग-सी मोडलं असेल तर तो दोन्ही तुकडे बनवत असणार आणि पां-१, पां-३ दोघांनाही पुरवेल.

मूळ प्रश्नकर्ती:
नाही, शेजारी अजिबात रंगले नाहीत. म्हणजे पां-२ एकही तुकडा बनवत नाही?

मचवा:
तसंच दिसतंय. मग दोन शक्यता: अख्खी ओळच डीएनएतून गळाली, किंवा ओळ जागेवर आहे पण वाचली जात नाही, प्रमोटरमध्ये (जनुकांचं वाचन जिथून सुरू होतं तो भाग) किंवा नियंत्रकात बिघाड. पीसीआर लावा, म्हणजे ठरावीक जनुक डीएनएत आहे का ते त्याच्या प्रती काढून कळेल. सुरुवातीचं पिग-ए, मधलं पिग-सी आणि शेवटचं पिग-एन. लाल मूळ जिवाणू सोबत घ्याच, नाहीतर बँड (जेलवर दिसणारी त्या जनुकाची पट्टी) न येण्याला अर्थ राहणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
उशीर झाला, प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) यायला तीन आठवडे लागले. काल संध्याकाळी जेल चालवलं. लाल मूळ जिवाणूचे तीन बँड आणि शेजारच्या लेनमध्ये पां-२ चे तीन बँड, त्याच उंचीवर. पिग-ए आहे, पिग-सी आहे, पिग-एन आहे. जनुकं गेलेली नाहीत, बंद आहेत. मॅडमना फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पां-२ च्या प्रमोटरच्या भागाचं तेवढं सिक्वेन्सिंग विभागाच्या पैशातून करू.

शेवाळ, मचवा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. प्रबंधात तुमचं नाव घालायचं आहे, टोपणनाव चालेल का ते कळवा.